पाठमोऱ्यानं घेतलेलं नाव

"हो कोणाचो?"

"बाबल्याचो."

"हो?"

"खालच्या फटूचो."

"आणि हो कोणाचो?"

"जरा थांब रे. दम खाव दी."

आबा काळ्या दगडावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांच्या समोर डोंगर. पाठीमागे, मोकळ्या जागेत, सागाच्या पानांवर रानडुकराच्या मटणाचे वाटे मांडलेले. न्हानू एका वाट्यावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, हा कोणाचा? आबा न बघता एका घराचं नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याचा वाटा. कोणाला हाडं जास्त आली, कोणाला चरबी कमी आली, तक्रार नाही. पाठमोऱ्यानं घेतलेलं नाव बदलत नाही, हा तिथला कायदा.

पहिला वाटा राखणदाराचा, म्हणजे जागेच्या देवाचा. मग कुत्र्यांचा. मग ज्याची गोळी लागली त्याचा. मग घरं. आणि सगळ्यांत शेवटी नाव घेणाऱ्याचं स्वतःचं घर.

बायका त्या जागी येत नाहीत. मी जरा लांब, फणसाच्या आड उभी होते, हातात आबांची पाण्याची बाटली घेऊन. पथ्यामुळे दिवसभराचं पाणी तेवढंच. ती बाटली हे मी तिथे असण्याचं सांगण्यासारखं कारण. खरं कारण म्हणजे वाटे पडण्याआधी काळीज निखाऱ्यावर भाजतात आणि मीठ चोळून हातोहात वाटतात. ते आबांच्या हातावर कोणी ठेवू नये म्हणून मी पाळत ठेवून होते.

कोणी ठेवलं नाही. आबांनी हात पुढे केलाही नाही.

"हो कोणाचो?"

"तात्याचो."

तातोबांनी आपलं पान जवळ ओढलं. मी बघितलं. पानं संपली होती.

आबांनी अजून एक नाव घ्यायचं होतं.

*

आबा म्हणजे माझे सासरे, लाडोबा गवस. तिलारीच्या खोऱ्यात आमची वाडी. मी घाटावरची, चंदगडकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा इथली बोली मला अर्धी कळायची, आणि माझी बोली ऐकून अर्धी वाडी हसायची. नवरा, अर्जुन, गोव्यात कंपनीच्या गाडीवर होता. गाडीला अपघात झाला, तो गेला. मूल नव्हतं. भाऊ न्यायला आला, तेव्हा आबा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. सुपाऱ्याच सोलत राहिले. मी भावाला चहा दिला आणि एकट्याला परत पाठवला.

मग आबांच्या किडन्या थकल्या. शब्द डॉक्टरांचा. "थकल्यात, मेल्या नाहीत," ते म्हणाले होते. "जपलंत तर मशीनवर जायची वेळ लांबेल."

जपायचं म्हणजे असं:

भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकायचं.

डाळ पळीभर.

मीठ चिमटीत धरावं आणि चिमटी तशीच परत बरणीत सोडावी.

सुकी मासळी नाही. लोणचं नाही. केळं नाही. शहाळं नाही. दारात माड आणि शहाळं नाही.

एका अंड्याचा पांढरा भाग.

आबा सगळं ऐकून घेत होते. उठायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"डुकर?"

"कसलं डुक्कर?"

"रानातला."

डॉक्टर हसले. "त्यात चरबी कमी असते, पण मांस ते मांसच. कधीतरी एखादा छोटा तुकडा, उकडून, पाणी फेकून. त्या दिवशी अंडं बंद. रस्सा बिलकूल नाही."

"रस्सो नाय तर डुकर मारूचो कित्याक?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं नाही.

घरी येऊन मी वाडीतल्या प्रत्येक दारात गेले. आबांना काही खायला देऊ नका, एवढंच सांगितलं. त्या एका तुकड्याचं बोलले नाही. आमच्या वाडीत आल्यागेल्याला एक तुकडा कोण वाढतं? एक म्हटलं की वाटी भरून येते, वर रस्सा.

लोकांनी ऐकलं. चांगलं ऐकलं. बारशाला, बाराव्याला आबांच्या पानात उकडा भात आणि पळीभर डाळ पडायची, आणि शेजारचा माणूस तोंड फिरवून जेवायचा.

*

आणखी एक सांगायला हवं.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी वरच्या घरातल्या धाकीबाईकडे विरजण मागायला गेले होते. त्याच दिवशी पारध झालेली, वाडीभर मसाल्याचा वास. मी सहज म्हटलं, "तुमचं मटण शिजलं का?" ती म्हणाली, "आमचो वाटो आता पडना नाय गो. घोव गेलो, झील म्हापशाक. घरात बापयमाणूस नाय."

नवरा गेलेला, मुलगा लांब, पण ती जिवंत होती. चुलीत जाळ होता. दावणीला म्हैस होती. पण ज्या घराचं पान मांडलं जात नाही, ते घर बुडालं असं धरतात. मग त्या घराला देवळाच्या कामात विचारत नाहीत, पाटाच्या पाण्याची पाळी ठरवताना विचारत नाहीत. कोणी भांडून काढून टाकत नाही. फक्त पान मांडलं जात नाही.

दगडावर बसून तिचं नाव पहिल्यांदा गाळलं होतं ते आबांनीच. तेव्हाही नावं तेच घ्यायचे.

*

तर पानं संपली होती आणि आबा पाठमोरे बसून होते.

न्हानूनं विचारायला हवं होतं, हो कोणाचो? तो बोलेना. त्याचं बोट तातोबांच्या पानाच्या रिकाम्या जागेवर तसंच टेकलेलं. शेवटचा वाटा दिल्याशिवाय दगडावरच्यानं वळायचं नसतं, म्हणून आबा वळले नाहीत.

"काय रे न्हानू? बोट निजला काय तुझा?"

एरवी सगळे हसले असते.

मी फणसाच्या आडून बाहेर आले. न्हानू माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा, दोघं एकत्र शिकारीला जायचे. मला बघून तो अर्धा उठला.

"आमचा वाटा कुठाय?" मी हळू विचारलं.

"वैनी, तुमीच सांगितलास मां? आबांका काय देव नका म्हणान."

"खायला देऊ नका म्हटलं होतं. पान मांडू नका असं नव्हतं म्हटलं."

"मटण घरात गेला म्हणजे म्हातारो खातलोच. उद्या काय झाला तर? माका ता पाप नको." त्याचा चेहरा खरंच रडवेला झाला होता. "आमी सगळ्यांनी बसान ठरवलाव. तेंच्या भल्यासाठी."

"लाडोबाचो जीव राखलो आमी," तातोबा म्हणाले, "आणि ही घाटीण आमकाच इचारता."

"मग त्यांना सांगा."

"काय सांगू?"

"की तुमचा वाटा नाही. जा पुढे, तोंडासमोर उभं राहून सांगा."

तातोबांनी विडी पेटवली. बाबल्यानं कुत्र्याला उगाच हाकललं. काळजी तर सगळ्यांनाच होती, पान न मांडायचं हे एकमतानं ठरलेलं, पण दगडावर नाव घेणारा लाडोबाच आहे आणि शेवटचं नाव त्याच्याच घराचं असतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता दगडाला वळसा घालून आबांसमोर जायला कोणी तयार नव्हतं.

आबांची पाठ मला दिसत होती. सदऱ्यातून मणके मोजता आले असते. ते डोंगराकडे बघत होते, आणि मागची कुजबूज त्यांना ऐकू येत होती की नाही, कोण जाणे. कान शाबूत होते त्यांचे.

आज हे पान नाही पडलं, तर पुढच्या वर्षी पडणार नाही. त्यानंतर तर विचारणारंही कोणी उरणार नाही. आबा घरी येतील, मी वाढलेला उकडा भात मुकाट जेवतील, आणि आम्ही दोघं त्या घरात राहू. चुलीत जाळ असेल. दावणीला म्हैस असेल.

मी सागाचं एक पान उचललं.

बाबल्याच्या वाट्यातला एक तुकडा घेतला. त्यानं नुसतं बघितलं. फटूच्या वाट्यातला एक. न्हानूनं आपलं पानच माझ्यापुढे सरकवलं. एकेकापुढे वाकत गेले. कोणी नाही म्हणालं नाही, कारण काय चाललंय हे कळायलाच त्यांना वेळ लागला. तातोबांनी मात्र आपल्या वाट्यावर पंजा ठेवला.

"हात काढा, तातोबा."

"माझो वाटो नाव घेवन इलोहा."

"म्हणून तर एकच तुकडा मागतेय."

त्यांनी विडी तोंडात धरली, वाट्यात बराच वेळ उचकाउचक केली आणि सगळ्यांत मोठं, सगळ्यांत उघडं हाड माझ्या पानावर टाकलं.

"घे. चघळीत बस."

मी पान मधोमध मांडलं. न्हानूकडे बघितलं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तो नुसती मान हलवत राहिला.

मग मीच खाली बसले. पानावर बोट ठेवलं.

"हो कोणाचो?"

माझा उच्चार घाटावरचा. शब्द त्यांचे होते, हेल माझा होता. आबांचे खांदे हलले. इतक्या वर्षांत मागून त्यांनी बाईचा आवाज ऐकला नव्हता.

ते वळले नाहीत. मला वाटलं, आता म्हणतील, लाडोबाचो. तेवढं म्हटलं की झालं. मी पान उचलून घरी जाईन.

वाऱ्यानं पानाची कड उलटली. ती मी दुसऱ्या हातानं दाबून धरली.

"जयवंतीचो," आबा म्हणाले.

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"खंयची जयवंती?" तातोबा.

"माझी सून."

"बायलेच्या नावान वाटो? लाडोबा, सुदीवर आसंस मां?"

"तात्या, पाठ कोणाची आसा?"

"तुजी."

"बघून बोललंय काय मी?"

"नाय."

"मगे नाव बदलता?"

तातोबांची विडी विझली होती. ती त्यांनी तशीच ओढली. "नाय बदलणा," ते म्हणाले.

"संपले वाटे?"

"संपले आबा," न्हानू म्हणाला. आता त्याला आवाज फुटला.

तेव्हा कुठे आबा वळले. दगडाला हात टेकून, सावकाश. माझ्या बोटाखालच्या पानाकडे त्यांनी नीट निरखून बघितलं. एकाच वाट्यात बरगडी, मांडी, मान, पाठ, सगळीकडचं थोडं थोडं, आणि वर ते भलंथोरलं हाड.

"ह्यां हाड तात्याचा दिसता," ते म्हणाले.

सगळी माणसं हसली. सगळ्यांत जोरात तातोबा.

*

पुढचं इथेच सांगून टाकते.

आबा शेवटी मशीनवर गेले, पण बऱ्याच उशिरा. त्यानंतर गेले. दगडावर आता न्हानू बसतो. पारधी कमी झाल्या, कायदे कडक झाले, पोरं गोव्याला गेली, तरी कधीमधी शेतात घुसलेला डुक्कर सरकारी परवान्यानं मारला जातो आणि नारळ-सुपारीचे, देवळाच्या प्रसादाचे वाटे तर पडतातच. न्हानू माझं नाव घेतो. लाडोबाच्या सुनेचो असं नाही. जयवंतीचो. पाटाच्या पाण्याची पाळी ठरते तेव्हा मला बोलावणं येतं आणि मी जाऊन भांडते.

धाकीबाईचं नाव आबांनी पुढच्याच वर्षी घेतलं. पण तोवर ती लेकाकडे म्हापशाला राहायला गेली होती. तिचं पान कोणीच उचललं नाही. शेवटी आबांनी ते कुत्र्यांना घातलं.

*

त्या दिवशी संध्याकाळी.

मी मांडीकडचा, बिनचरबीचा, काड्यापेटीएवढा तुकडा वेगळा काढला. टोपात पाणी उकळून त्यात सोडला. पाण्यावर फेस आला, वास सुटला. ते पाणी परसात ओतलं आणि दुसरं घातलं. आबा चुलीपाशी पाटावर बसून बघत होते.

"वतलंस?"

"ओतलं."

"डुकर ग्येलो बघ परसात. आता टोपात काय रवला?"

"प्रोटीन," मी म्हटलं.

ते खूश झाले. हा शब्द त्यांना आवडायचा. म्हशीनं दूध कमी दिलं की तिलाही ते म्हणायचे, प्रोटीन खा.

तुकडा शिजला. वर मिरपूड, लसणाची एक ठेचलेली पाकळी, लिंबाचे दोन थेंब. मीठ नाही. भात, पाणी फेकलेली दुधी. आबांच्या ताटात वाढलं. मग माझ्या ताटात भात घेतला, दुधी घेतली.

"बाकीचा मटण?"

"न्हानूच्या घरी देऊन येते."

"वाटो कोणाचो?"

"तुम्हीच म्हणालात. माझा."

"मगे न्हानूच्या घरी कित्याक?"

"आबा, दोघांसाठी दोन चुली कोण..."

"दोन चुली कोणी सांगितल्यान? चूल एकच आसा. टोप दोन आसत." त्यांनी आपलं ताट बाजूला सरकवलं. "माझा पथ्य डॉक्टरान दिल्यान. तुका कोणी दिल्यान?"

मी माझ्या ताटातला भात सारखा केला.

"माका दिसत नाय असा वाटता तुका? अर्जुन सुक्या बांगड्याशिवाय जेवी नाय. तूय तेच्यावांगडा खाय होतंस, काटे मोडून. किडनी माझी ग्येली, आणि घरातली बरणी उपडी. बरणीत मीठ आसा काय, ह्यां तरी ठावक आसा तुका?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. बरणी उघडली. मीठ खाली दगडासारखं बसलं होतं. मी ते सुरीनं खरवडलं.

"दुसरो टोप ठेव. कांदो जास्त घे. आता खोबरा भाज. काळा करू नको गो, तांबडा. हां. मिरी अख्खी टाक. मटणाचा पाणी वतू नको हां, नायतर मारीन."

मी भाजत होते, वाटत होते, ते पाटावरून सांगत होते. रस्सा रटरटायला लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मान थोडी वर केली. मी झाकण ठेवायला गेले.

"नको. रवांदी उघडा. वासाक डॉक्टरान नको म्हणूक नाय."

मग आम्ही समोरासमोर बसलो. त्यांच्या ताटात तो उकडलेला, पांढरट तुकडा. माझ्या ताटात तांबडालाल रस्सा आणि वर तातोबांचं हाड. आबांनी हात पुढे केला नाही. रिवाजच तसा होता, पहिला घास वाटेकऱ्याचा.

मी घास घेतला.

दोन्ही गालांत कळ आली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिखटाचंच आहे असं दाखवायला मी नाक ओढलं. आबा आता आपला तुकडा चिमटीनं तोडून, एवढा एवढासा करून खात होते.

"कसा लागता?"

"बरं आहे."

"बरा? डुकराक कोण बरा म्हणता? नीट सांग."

"चामडी जरा चिवट आहे."

"आसतलीच. म्हातारो होतो तो. दाताखाली कसा लागता?"

"आधी लागतच नाही. मग एकदम सुटतं. आणि धुराचा वास आहे, केस भाजले त्याचा."

"हां. आणि तिखट? पुढे येता की मागसून?"

"मागून. घशात."

"बरोबर वाटलंस मगे." ते चावत होते. "आणि मीठ?"

कमी झालंय असं खोटंच सांगायचं माझ्या मनात होतं. अळणीच आहे, तुमच्यासारखंच आहे.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. उरलेला पांढरट तुकडा तोंडात घातला, आणि माझं ताट संपेपर्यंत तो एकच घास चावत बसले.